रुक्माचा साचा

वादळानं कवडू मेश्रामचं शेड एका झपाट्यात नेलं. टिनाचे पत्रे रुआबांधा वस्तीच्या पुढच्या गल्लीत जाऊन पडले आणि मधली भिंत आत कोसळली. बुद्धमूर्तींचे साचे, सिंहांचे, हत्तींचे, सगळ्यांचा भुगा झाला. वाचला एकच. तो भिंतीखाली त्याच्या बायकोच्या, रुक्माच्या पोटाशी होता, आणि रुक्मा वाचली नव्हती.

साचा तिच्याच चेहऱ्याचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कवडूनं तिला बाजेवर निजवलं, नाकात पपईच्या देठाच्या नळ्या घातल्या आणि तोंडावर प्लास्टर ओतून तो उतरवला. मिटलेले डोळे त्यानं मागाहून कोरून उघडले. तेव्हापासून दुर्गच्या रस्त्यावर जिथं जिथं ढाब्याच्या, लॉनच्या दारात घडा घेतलेल्या बाईचा पुतळा उभा आहे, तिथं तिथं रुक्मा उभी आहे. ओतलेलं चिकटू नये म्हणून साच्याला आतून साबण लावायचं काम तिचंच. आपल्याच गालांत बोटं फिरवत ती शेजारणीशी भाजीच्या गोष्टी करायची.

भेटायला येणाऱ्यांना कवडू एकच सांगे. "मी निसतं वरडलो, साचे पाह्य वं. धावत गेली. पण सोडला नाही बाईनं." सांगताना त्याची मान ताठ व्हायची. त्याची मुलगी साक्षी आतून चहा आणायची, कप ठेवायची, पुन्हा आत जायची. नागपूरच्या कॉलेजातून तिनं रजा घेतली होती. रजा संपत आली तरी बापाला बायको गेल्याचं कळलंय की नाही, हे तिला कळलं नव्हतं.

त्यानं भिंत मात्र लगेच बांधायला काढली. तेजराम मिस्त्री विटा चढवत होता, तेव्हाच अहिवाऱ्याकडच्या एका रिसॉर्टचा चंदन ऑर्डर घेऊन आला. दोन्ही फाटकांना घडेवाल्या बाया हव्या होत्या. त्यानं मोबाइलवरचा एका जुन्या पुतळ्याचा फोटो बोटांनी मोठा केला.

"काका, भौं पे ये कट क्यूँ है? साफ़ चेहरा चाहिए."

"निकाल देंगे. कल ही घिस देता हूँ."

भुवईवरची ती खोक रुक्माच्या लहानपणीची. म्हशीचं शिंग लागलेलं. 'माहेरून एवढंच आणलं बाई मी,' असं रुक्मा हसून म्हणायची. त्या चेहऱ्यावर तिचं एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

चंदन गेल्यावर साक्षी म्हणाली, "बाबा, घासायच्या आधी मले एक चेहरा काढून द्या."

"कावून? फोटो नाहीत काय?"

"फोटोत आई कॅमेऱ्याले भेलेली हाये."

"साचा थकला आता. जेवढे चेहरे काढा, तेवढा झिजते. ऑर्डर त्याच्यावरच निघाची हाये." तो विटेवर पाणी मारत राहिला. "अन् एवढी पुस्तकं वाचतं तू. सगळं अनित्य हाये म्हणते ना, ते पान राहिलं वाटते वाचाचं?"

तेजराम हसला आणि लगेच खाली बघू लागला.

दुपारी कवडू पत्र्याचे हूक आणायला सुपेल्याच्या बाजारात गेला. साक्षीनं साचा उन्हातून उचलला. हे काम तिनं जन्मभर दारातून पाहिलं होतं. आत पाऊल टाकलं की आई म्हणायची, तू पुस्तक धर. तिनं ब्रशनं आतून साबण लावला, भुवईपाशी जपून, आणि प्लास्टर कालवलं.

"कवडूभाऊले येऊ द्या ना बाई," तेजराम वरून म्हणाला.

"आईचा चेहरा हाये, तेजरामभाऊ. मले हात लावाले कोनाची परवानगी पायजे?"

त्यानं थापी उचलली.

प्लास्टर घट्ट होताना तापतं. साच्याची पाठ आधी कोमट झाली, मग चांगली गरम. साक्षीनं तिच्यावर गाल टेकला आणि निवेपर्यंत तशीच बसून राहिली. मग तिनं साचा पालथा करून थापटला. चेहरा सुटला नाही. कडेनं सुरी घातली, नख घातलं. साचा आणि चेहरा एकजीव झाले होते.

कवडू आला तो सरळ तिच्यासमोर उकिडवा बसला. ओरडला नाही.

"साबनाचे किती हात मारले?"

"एक."

"वादळात भिजला, नंतर उन्हात पडला. चपड्या लाखेचं पॉलिश उडालं त्याचं. तीन हात लागतात आता." त्यानं साचा कानाशी धरून बोटानं वाजवला. "तुह्या मायले हे सांगा लागलं नसतं."

"बाबा, साचा फोडा. चेहरा राहू द्या."

"अन् मंग मी काय करू?"

"माह्याकडे चला नागपूरले."

"तुह्या बाल्कनीतल्या कुंड्यांले पानी घालाले?" त्यानं पिशवीतून बारीक छिन्नी काढली. "साचा कडक हाये, चेहरा कच्चा. फोडाचा तो चेहराच. धर इकडून."

तिनं हात मागं घेतला.

"नाई धरलं तर साचाई तडकीन. दोन्ही जाईन. तूच ठरव."

तिनं धरला. पोलादाच्या प्लांटच्या फाउंड्रीत साचे घडवलेला कवडूचा हात होता तो, घाव इकडचा तिकडं पडत नव्हता. त्याला चेहऱ्याची आतली बाजू दिसत होती, ओबडधोबड पांढरी. नाक मागून फुटलं. मग हनुवटी. ओठाचा तुकडा उलटा होऊन साक्षीच्या मनगटावर पडला, तेव्हा तिला कळलं की ओठ आहे. तिच्या हातांना प्रत्येक घाव कळत होता, आणि हात हलू द्यायचे नव्हते. तेजराम खाली उतरला आणि बिडी प्यायला फाटकाबाहेर गेला.

साचा स्वच्छ निघाला. खाली परातीत पडलेल्यातून भुवई ओळखू येईना.

कवडूनं साचा उजेडाकडे फिरवला. चेहऱ्यावरची खोक साच्यात बारीक धारेसारखी उभी होती. त्यानं कानस घेतली.

"बाबा, आज नको."

"आज ना उद्या कराचंच हाये."

दोन-तीन फेऱ्यांत धार बसली. पांढरी पूड साच्यातल्या डोळ्यात साठली.

"फुंक मार," तो म्हणाला. त्याचे दोन्ही हात अडकले होते.

साक्षी वाकली आणि तिनं फुंकर मारली.

कवडूनं भुवईवरून अंगठा फिरवला. "आता बरी दिसते," तो म्हणाला आणि साबणाचं टमरेल पायानं तिच्याकडे सरकवलं.