‘दाब नाही’चा दिवा

मोठ्या प्रेसभोवती अख्खा कारखाना गोळा झाला होता. पत्र्याला आकार देणारं ते अजस्र प्रेस आज पुन्हा आपोआप थांबलं होतं. लाल दिवा पेटला होता आणि त्याखालचे दोन शब्द सगळे डोळे फाडून वाचत होते: ‘दाब नाही’.

“वाचा, वाचा!” भूत उतरवायला बोलावलेले महाराज गरजले. “यंत्रच सांगतंय! तुमचे मुकादम वारले, इथे कुणाचा दाब उरला नाही. त्यांचा आत्मा प्रेसमध्ये शिरलाय. वरून मला थेट निरोप आहे!”

थेट निरोप! वर जणू दुसरा कामधंदाच नव्हता.

पण मुकादमांच्या मुलीला ते पटत चाललं. प्रेस चालवायची तीच. आबांचा दाब होता हे खरंच. त्यांनी नुसतं खाकरलं तरी गप्पा बंद व्हायच्या. पण मेल्यावर ते पोटच्या पोरीला छळतील?

महाराजांनी काहीतरी पुटपुटत प्रेसमागची छोटी डबी उघडली, आत लाल दोरा गुंडाळला आणि झाकण लावलं. दिवा विझला! लोकांनी धडाधड हात जोडले.

“कर चालू, पोरी.”

तिनं प्रेस चालू केलं. थोडा वेळ बरं गेलं. मग प्रेसच्या माथ्यावरून कर्कश किंकाळी फुटली. पाठोपाठ जळका वास आणि धूर.

“निघालं! जाताना ओरडतंय!” महाराज टाळ्या पिटू लागले. “थांबवायच्या बटणाला हात लावलास तर तुझ्याच अंगात शिरेल!”

टनावारी लोखंड तिच्या डोक्यावर हादरत होतं. “आबा, माफ करा,” म्हणत तिनं बटणावर अंगच टाकलं. प्रेस थांबलं. तिच्या अंगात काहीएक शिरलं नाही.

आवाज ऐकून देखभालीच्या इंजिनिअरबाई धावत आल्या. डबी उघडून त्यांनी दोरा ओढला. दोऱ्याखाली तांब्याची तार होती.

“मंतरलेली आहे ती!” महाराज दाराकडे सरकत म्हणाले.

“मंतरलेली कसली? हे वायरमनचं काम आहे.”

“अहो, महाराज आधी वायरमनच होते की!” गर्दीतून कुणीतरी बोललं.

“तरीच!” बाई म्हणाल्या. “अरे, दाब म्हणजे तेलाचा दाब. पंप नळीतून बेअरिंगला तेल ढकलतो. नळीच्या टोकाला हा डबीतला स्विच. तिथवर दाब पोचला नाही, की तो दिवा लावतो आणि प्रेस थांबवतो. या तारेनं त्याची दोन टोकं जोडून टाकली. आता नळी ठणठणीत कोरडी असली तरी तो म्हणणार, दाब आहे!” बाईंनी वाकून चेपलेली, गळणारी नळी दाखवली. “ओरडत होतं ते कोरडं बेअरिंग. अजून थोडं चाललं असतं, तर सगळं हिच्या अंगावर आलं असतं.”

मुलीला आधी रडू फुटलं, मग संताप आला.

“माझ्या बापाचं भूत केलंत! आणि मीही ते खरं मानलं. भीत होते ना, म्हणून कुणाला विचारलंच नाही. घाबरा रे, घाबरायला कुणाची ना नाही. पण दिवा पेटला तर दोरे बांधत बसू नका. झाकण उघडा आणि का पेटला ते विचारा!”

तिनं ती तार उपटून फेकली. मग पाना उचलला आणि चेपलेली नळी सोडवायला घेतली.