बोगद्याच्या अलीकडे

मोराचा नदीच्या दरीतला पहिला लांब बोगदा दिसला, तसे तादियाने दिवे लावले. गाडीने आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. कशीबशी त्याने ती कड्याच्या बाजूला घेतली. मागचा ट्रक हॉर्न ठोकत निघून गेला.

"काय झालं रे?" शेजारून स्तामेनाने विचारलं. तिचा उजवा डोळा जन्मापासूनच अधू. डाव्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यावर पट्टी होती. आज तिला इस्पितळातून घरी सोडलं होतं.

"काही नाही. थांबलोय जरा."

"तुझं 'काही नाही' ऐकत म्हातारी झाले मी."

त्याने दिवे बंद करून किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. दिवे लावले, पुन्हा ठप्प. तीस वर्षं याच रस्त्यावर त्याने बस चालवली होती. बिनदिव्याचं त्या बोगद्यात शिरणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

स्तामेनाचा भाऊ नवी गाडी घेऊन यायला तयार होता. "माझी बायको माझ्याच गाडीतून घरी येईल," असं तादियानेच त्याला ऐकवलं होतं. आता तो बॉनेट उघडत होता, मिटत होता, सिगारेट पेटवून विझवत होता. याआधीच नवी बॅटरी घालून झाली होती, डायनॅमो बदलून झाला होता, तरी गाडीचा हट्ट सुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, धक्के बसू देऊ नका. इथे गाडीच धक्के देत होती.

"एका जागी उभा राहा बघू," स्तामेना आतून ओरडली. "तुझ्या बुटांच्या आवाजाने जीव घाबरा होतोय. आणि तो वास पुन्हा आला."

"कसला वास?"

"नखं जळल्यासारखा. मार्चपासून सांगतेय! तू म्हणालास, घरी तुझं सूप करपलं असेल, त्याचाच वास."

तादिया जागीच थबकला. "कधी येतो?"

"तू दिवे लावलेस की. इथे, माझ्या गुडघ्यांपाशी."

तो तिच्या बाजूला येऊन गुडघे टेकून बसला. डॅशबोर्डखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. फ्यूजच्या पेटीकडे येणाऱ्या मुख्य तारेचं टोक सैल झालं होतं, हिरवं पडलं होतं. नुसतं इंजिन चालवण्यापुरती वीज त्यातून जात होती. दिव्यांचा भार पडला की टोक तापायचं आणि इंजिनाचीही वीज तुटायची.

"पान्हा आहे, पण घासायला काही नाही," तो पुटपुटला.

"पर्समध्ये नखं घासायची कानस आहे. मोडलीस तर बघ."

बॅटरीची तार सोडून त्याने टोक तांब्याचा रंग येईपर्यंत घासलं आणि घट्ट आवळलं. बॅटरी जोडली. इंजिन सुरू केलं, दिवे लावले. इंजिन चालूच राहिलं.

"स्तामेना, तू सांगत होतीस खरं," तो म्हणाला.

"हे पुन्हा म्हण. मोठ्याने."

"आधी बोगदा पार होऊ दे."

बोगद्यात त्याचे कान इंजिनाकडे होते. ती सारखी विचारत होती, "दिवे लागलेत ना?" आणि तो दर वेळी सांगत होता, "लागलेत." पलीकडे उजेडात आल्यावर तिने विचारलं, "काय दिसतंय?"

"मेंढ्या. दोन मूर्ख मेंढ्या रस्त्याच्या मधोमध."

"आणि?"

सहसा तो गाडी चालवताना बोलत नसे. त्या दिवशी घर येईपर्यंत त्याचं तोंड मिटलं नाही.