मिठाने खाल्लेला पट्टा

मी एक जुनी, पाठीवर अडकवायची पिशवी आहे. भित्री म्हणा हवे तर, मी नाही म्हणणार नाही. पण मित्रांनो, माझ्या भीतीला कारण होते.

उत्तनला होड्यांची शिडे शिवणाऱ्या धाकूने १९६० साली उरलेल्या कापडातून मला शिवले. मला घेतले भाईंदरच्या अमृतने. त्याच्या घरची मिठागरे होती, पण त्याला वेड फिरण्याचे. कितीतरी किल्ले मी त्याच्या पाठीवरून पाहिले. बरोबरची मुले माझ्या मजबूत पट्ट्यांचे कौतुक करत आणि मी मनातून फुगून जाई. पुढे अमृत भूगोलाचा मास्तर झाला, त्याचे लग्न झाले आणि मी अडगळ झाले. त्याच्या वडिलांनी, काळूरामांनी, मला मिठाच्या कोठीत टांगले. मासळी मिठात टिकते, मग कापडही टिकेल, असे त्यांचे साधे गणित. दहा पावसाळे मी तिथे काढले. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटे आणि माझ्या शिवणीत मुरे. वरून मी होते तशीच दिसे, पण उजव्या पट्ट्याचा दोरा आतून कुजत चालला होता.

१९७३ च्या मार्चात अमृतने मला खाली उतरवले. मे महिन्यात मुलांना घेऊन आधी नेपाळ, मग रामेश्वरमहून बोटीने श्रीलंका, असा बेत होता. यात्रा कंपनी वगैरे नाही, आपले आपण, ज्याचे सामान त्याच्या पाठीवर. दहा वर्षांची शालू गाड्यांच्या वेळा उतरवून घेऊ लागली. मी आठ वर्षांच्या लवूच्या वाट्याला आले. त्यांची आई मंजुळा मात्र नकाशाकडे बघायलाही तयार नव्हती. परक्या मुलखात पोर हरवले तर, पाण्यात पडले तर, हेच तिच्या डोक्यात घोळत होते. अमृत तिला हसून म्हणाला, "अगं, बोटीत चढताना लवूला मी पिशवीच्या पट्ट्यालाच धरून ठेवीन."

त्या पट्ट्याचा दोरा कुजला आहे, हे फक्त मला ठाऊक होते. पण पिशवीचे तोंड फक्त सामान भरायला असते, मी सांगणार कुणाला?

एका रविवारी सराव ठरला. भरलेल्या पिशव्या घेऊन सगळे खाडीच्या धक्क्यावर गेले. ओहोटी होती. होडीत उतरायला लवूने पाय टाकला आणि अमृतने माझा उजवा पट्टा धरला. टर्रकन आवाज झाला. पट्टा अमृतच्या हातात राहिला आणि मी लवूसकट खाली चिखलात. पोर कमरेपर्यंत रुतले. अमृतने उडी मारून त्याला बाहेर काढले. लवूला गंमत वाटत होती, अमृत मात्र तुटलेला पट्टा उलटसुलट करून पाहत होता.

"भरती असती तर," एवढेच तो म्हणाला.

बेत मोडला असे सगळे धरून चालले. काळूरामांनी तर कोठीतली माझी खुंटीच उपटून टाकली. मंजुळाने मला गोड्या पाण्यात तीनदा धुतले, वाळवले आणि माझी एकेक शिवण नखाने तपासली. मग धाकूकडून शिडाचा दोरा आणून ती शिवायला बसली.

"इतके दिस मी तुमच्या नकाशाला भ्याले," ती अमृतला म्हणाली. "भ्यायचं व्हतं ते या शिवणीला. शिवून झालं की जाऊ."

मे महिन्यात नेपाळ पाहून झाले आणि रामेश्वरमला बोटीची शिडी आली. अमृतने पट्ट्याकडे हात नेला. मंजुळाने तो बाजूला सारला आणि पट्टा स्वतः धरला. खाली काळे पाणी हलत होते. मी भीतीने गारठले होते, पण तिची शिवण हलली नाही.

मित्रांनो, मला खुशाल कोपऱ्यात टांगा. फक्त एखादे पोर माझ्यावर सोपवण्याआधी माझा पट्टा एकदा जोर लावून ओढून पाहा.