आखितीचा घडा

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी नवा मातीचा घडा भरतात. आमच्या घरात तो सासऱ्यांनी खणलेल्या विहिरीच्याच पाण्याने भरायचा. जमीन पाम तेलाच्या कंपनीला गेली, आम्ही नळाचं पाणी प्यायला लागलो, पण कुंपणालगतची विहीर आणि हा रिवाज राहिला. घड्याला बाहेरून घाम फुटला, की सासूबाई म्हणायच्या, "प्यालं बरं का समदं गणगोत." साठ वर्षांत तो कधी कोरडा राहिल्याचं मला आठवत नाही.

यंदा सकाळी सातला भरलेला घडा अकरा वाजले तरी कोरडाच. वाटलं, भट्टीतच काही बिघडलं असेल. म्हणून जोडीचा दुसरा घडा नळाच्या पाण्याने भरून शेजारी ठेवला. तासाभरात त्याच्याखालची वाळू ओली झाली. मग पहिल्या घड्यात बोटं बुडवून एकमेकांवर घासली. बुळबुळीत लागली; तेलकट पाण्याने घड्याची छिद्रं बुजली होती.

माझी नातसून सोनल कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासते. गेटवर कंपनीचा मोठा बोर्ड आहे : जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल घेणार नाही, कुंपणाबाहेर घाण पाण्याचा थेंबही सोडणार नाही. ते खरं का, हे बघायला त्याच दुपारी बाहेरून एक तपासणीवाली बाई येणार होती. ती माझ्याशीही बोलणार होती. सोनल तेच सांगायला घरी आली आणि घडे बघून जागीच थांबली.

"आजी, तो कोरडा घडा आत ठेवा."

"का गं?"

"मार्चात कंपनीचं घाण पाणी शुद्ध करायचा पंप बारा दिवस बंद होता. मॅनेजर रविराजसर म्हणाले, फेब्रुवारीचेच आकडे लिही. मी लिहिले. खाली सही माझीय."

"आन् हिर?"

"विहिरीचं पाणी तपासायला मी आलेच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "पुढच्या महिन्यात पर्मनंट करणारेत. हे कळलं तर आधी मी जाईन, सर नाही."

"म्हंजी मी खोटं बोलू?"

"बोलू नका. नुसत्या गप्प बसा."

पितरांचा घडा दिवस मावळेपर्यंत हलवायचा नसतो. "बरं, गप बसते," म्हणत मी तो हलवला. दाराआड ठेवला.

तीनला गाडी आली. तपासणीच्या योगिनीबाई ओट्यावर टेकल्या. मॅनेजर रविराज न सांगताच खुर्ची ओढून बसला. "आजी आमच्या घरच्याच. सांगा मॅडमना, विहीर कशीय?"

"हाय की. जागच्या जागी हाय."

तो जरा जास्तच मोठ्याने हसला. बाईंनी विचारलं, "पाणी पिता का तिचं?"

"आमी न्हाई. आमाला नळ हाय."

"मग कोण पितं?"

माझी नजर दाराकडे गेली. बाई वाळूकडे बघत होत्या. एक घडा पाझरत होता आणि त्याच्याशेजारी वाळूत दुसऱ्या घड्याचा गोल ठसा होता.

"आमच्याकडेही आखितीला घडा भरतात," त्या म्हणाल्या. "हा दुसरा कुठाय?"

रविराजने सोनलकडे पाहिलं. मी शब्द दिला होता; मी पदराचं टोक मुठीत धरलं. सोनलची नजर त्या ठशावरून हलेना. मग ती उठून आत गेली आणि दोन्ही हातांनी घडा बाहेर घेऊन आली.

"हात लावून बघा, मॅडम. विहिरीचं पाणी आहे, पाझरत नाही. मार्चचे आकडे मी न मोजता लिहिलेत."

"सोनल, तुला ऊन लागलंय," रविराज हळूच म्हणाला. "गाडीत जाऊन बस."

"नाही सर."

"न मोजता लिहायला कोणी सांगितलं?" बाईंनी वही उघडली.

"सरांनी. पण सही माझीय."

रविराज फोन कानाला लावून फाटकाकडे गेला. बाईंनी दोन रिकाम्या बाटल्या काढल्या. त्या सोनलच्या हातात देत म्हणाल्या, "आत्ता माझ्यासमोर भर."

मी घडा पुन्हा त्याच ठशावर ठेवला. सोनल विहिरीशी गेली, मीही मागे गेले. दोर घ्यायला मी हात पुढे केला. पण दोर तिनेच धरला आणि बादली खाली सोडली.