गोष्टीशिवाय दाढी

माझ्या नातवाला पहिला झटका आला तेव्हा त्याचा वस्तरा पोस्टमनच्या गळ्यावर होता, आणि मेल्यासारखा घाबरला तो नातूच. पोस्टमन झोपला होता. खुर्चीत डोकं टेकलं की घोरणारा माणूस, त्याला कशाचा पत्ता नाही. इकडे आमच्या नातवाची, लांबूची छाती धडधडायला लागली, हात गार पडले, श्वास पुरेना. आता आपण पडणार आणि वस्तरा याच्या गळ्यातून आरपार जाणार, एवढंच डोक्यात. वस्तरा बेसिनमध्ये टाकून जो पळाला तो थेट रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात. पोस्टमन जागा झाला तर एका गालाला फेस आणि खुर्चीमागे कुणी नाही. तो तसाच चार गल्ल्या पत्रं वाटून आला असं मी लोकांना सांगते. तेवढं खोटं आहे. बाकीचं खरं.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, लांबलचक कागद काढला. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक. याने जीव जात नाही, फक्त जातोय असं वाटतं.

"फक्त," लांबू घरी येऊन म्हणाला. "आजी, ते फक्त म्हणाले."

दुकान त्याच्या सासऱ्यांचं, म्हणजे माझ्या व्याह्यांचं. तीन खुर्च्या. दोन केस कापायच्या आणि खिडकीजवळची पहिली दाढीची. त्या खुर्चीवर अजून जुना वस्तरा चालतो, चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावलेला. व्याह्यांचा स्वतःचा हात म्हातारपणाने थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ती खुर्ची जावयाला दिली. मुलगी देतानासुद्धा एवढा विचार केला नव्हता त्यांनी. लांबूचा सगळा मान त्या खुर्चीत. त्याच्या हाताखाली माणसं झोपी जातात, याचा त्याला केवढा तोरा होता.

डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. म्हणाले, तीन-चार आठवडे लागतील गुण यायला, आधी थोडं अस्वस्थ वाटेल. एक छोटी गोळी अगदीच वेळ आली तर घ्यायची, पण तिने झोप येते, घेतली तर वस्तऱ्याला हात लावायचा नाही. आता मला सांगा, भीती वस्तऱ्याची आणि गोळी घेतली तर वस्तरा बंद. पोहायला घाबरणाऱ्याला सांगायचं, हा उपाय कर, फक्त पाण्यात जाऊ नकोस.

नवव्या दिवशी लांबूने रोजची गोळीही सोडली. तोंड कोरडं पडतं, पोटात ढवळतं, आणि धडधड तर आहेच, मग कशाला घ्यायची, असं त्याचं म्हणणं. कुणाला सांगितलंही नाही. माझ्या नातसुनेला पाकीट सापडलं, तिने ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून बोलणी खाऊन आला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. म्हणजे मोजणी परत एकपासून.

पाचव्या आठवड्यात गोळीने काम केलं, खोटं कशाला बोलू. झोप लागायला लागली. रस्त्यात, जिन्यात येणारे झटके थांबले. पण वस्तरा हातात घेतला की गडी पुन्हा बेसिनला धरून उभा. झटका येईल या भीतीनेच झटका यायचा. केस कापायचा, कल्ले कापायचा, दाढीचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, साबण संपलाय. एका महिन्यात त्या दुकानातला साबण किती वेळा संपला म्हणून सांगू, हत्ती धुऊन निघाला असता.

व्याही गल्ल्यामागून बघायचे. "जावईबापू, नेमकं दुखतंय कुठे?"

"दुखत नाही मामा."

"सुजलंय?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"मग झालंय काय?"

हात मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं.

एकदा मी त्याचा विसरलेला डबा घेऊन दुकानात गेले. पहिल्या खुर्चीत रंगारी बसला होता, फेस लावून वाट बघत. लांबूचे कान लाल झालेले. मला काही सुचेना, म्हणून मी बाकावर बसून रंगाऱ्याला माझ्या मामाच्या मिशांची गोष्ट सांगायला लागले. मिशा एवढ्या लांब की मामी त्यांच्यावर कपडे वाळत घालायची. एकदा वारा सुटला, धुतलेल्या चादरीत हवा भरली आणि मामा उडाला तो तिसऱ्या गावात उतरला. तिथल्या लोकांनी त्याला लग्नाला उभा केला, कारण नवरा पळून गेलेला आणि याच्याजवळ स्वच्छ चादर होती.

रंगारी हसत होता. लांबूही हसला. आणि हसता हसता त्याचा हात चालायला लागला. सबंध दाढी झाली. तुरटी फिरवून झाली. रंगाऱ्याच्या गळ्यावर एक ओरखडा नाही.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुकानात. मामाला मी चंद्राखेरीज सगळीकडे उडवलं. लोक गोष्ट ऐकायला म्हणून दाढी वाढवून यायचे. व्याही खूश, लांबू खूश, आणि माझं तर विचारूच नका. मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते या बोळक्या तोंडाने केलं, असं मी जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

सहाव्या दिवशी माझा घसा बसला. साधी सर्दी, पण आवाज म्हणून फुटेना. तरी मी बाकावर जाऊन बसले. लांबूने वस्तरा उघडला, माझ्याकडे बघितलं, मी हाताने खूण केली की चालू दे. त्याने वस्तरा मिटला आणि मागच्या दाराने निघून गेला. तासभर आला नाही.

त्या दिवशी व्याह्यांनी शेवटचं सांगितलं. "पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो. तोवर एकट्याने खुर्ची सांभाळली तर ठीक. नाहीतर मागच्या बेसिनवर लोकांची डोकी धुवायची, पहिल्या खुर्चीवर मी दुसरा माणूस आणतो. आजीबाईंना काय जन्मभर बाकावर बसवून ठेवू?"

नातसून म्हणाली, "बाबा, असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? गिऱ्हाइकांचे गळे आहेत ते."

मग डॉक्टरांनीच एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. गोळी चालू ठेवायची, पण तेवढ्यावर भागणार नाही म्हणाले. बाई म्हणजे बत्तीस वर्षांची मुलगी, पायात कापडी बूट. तिने लांबूला स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिने चढायला लावले, आणि दुकानात येऊन त्याच्याच खुर्चीत बसवून त्याला गरागरा फिरवलं. धडधड मुद्दाम आणायची. यायची ती येऊ दे, बघ काय होतं. मी म्हटलं, बाई, आधीच तो घाबरतोय आणि तुम्ही त्याला भोवऱ्यासारखा फिरवताय? तिने मलाही एक स्ट्रॉ दिली. माझ्या तोंडात दात नाहीत, ती स्ट्रॉ मी चावूही शकले नाही, गिळणार होते.

मग पायऱ्या लिहून दिल्या. आधी फेस लावलेल्या फुग्यावर वस्तरा फिरवायचा. तीन फुगे फुटले, चौथा राहिला. मग घरच्या माणसाची दाढी. व्याही स्वतः खुर्चीत बसले, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. म्हणाले, "माझं काही झालं तर पोरगी विधवा नाही, अनाथ होईल, एवढं लक्षात ठेवा." लांबूला अर्ध्यात झटका आला. तो थांबला, आला तसा गेला, मग पुढची दाढी केली. व्याही उठले तेव्हा त्यांचाच सदरा घामाने चिंब.

शेवटची पायरी गिऱ्हाईक. आणि तिथे ती मुलगी माझ्याकडे वळली.

"आजी, आता तुम्ही गोष्ट सांगायची नाही."

"का? गोष्टीने त्याला बरं वाटतं."

"म्हणूनच. भीती वर चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप उतरते. ती उतरताना त्याने कधी बघितलीच नाही. दर वेळी तुम्ही मध्ये पडता. त्याला वाटतं, आजीमुळे वाचलो."

"वाचलाच ना?"

"नाही आजी. तो मुळात बुडतच नव्हता."

असा राग आला मला. त्र्याहत्तर वर्षांत मला गप्प बसायला सांगणारे माझे सासरे होते आणि ते कधीच गेले. पण नातवाकडे बघितलं आणि हो म्हटलं. बाकावर बसायची मुभा होती. तोंड फक्त बंद.

पहिलं गिऱ्हाईक पुन्हा रंगारी. गाल झाला, हनुवटी झाली. गळ्याशी आल्यावर लांबूचा हात थबकला. कान लाल, मान ताठ. वस्तरा हवेत. मी पदराचा बोळा तोंडात धरला. घड्याळात बघितलं, एक मिनिट. दोन. रंगारी डोळे मिटून. तीन. लांबूच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि भुवईत अडकला. तो थेंब बघवेना मला.

"तर मामा त्या दिवशी चादर विसरला होता," मी म्हटलं.

रंगारी हसला, लांबूचे खांदे खाली आले, वस्तरा चालू झाला. दोन मिनिटांत दाढी पूर्ण. मला वाटलं, बरं झालं. रंगारी गेला आणि लांबू माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"झटका उतरत होता आजी. मला कळत होतं. उतरायला लागला होता."

"अरे, मला तुझं तोंड बघवेना."

"मग बघू नकोस ना. माझ्या चार आठवड्यांवर पाणी ओतलंस. आता तो गेला की तू घालवलास, मला कधी कळणार?"

इतक्या वर्षांत पोरगा माझ्याशी असं बोलला नव्हता. व्याह्यांनी गल्ल्यामागे मान खाली घातली. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते. मला दुकानबंदी. घरात बसून मी काय करणार? नातसुनेला तीन वेळा विचारलं, फोन करू का? ती म्हणाली, "आजी, नका करू." चौथ्यांदा विचारलं तर तिने फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, माझा हात पोचणार नाही तिथे ठेवला. मी म्हटलं, तू बापावर गेलीस. ती म्हणाली, "जाऊ दे." हात तिचेही गार होते, भांडी पुसताना लागले मला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लांबू आला. हात धुतले, ताटावर बसला. मी समोर.

"किती दाढ्या?"

"पाच."

"झटका?"

"आला."

"कुणाच्या वेळी?"

"खाटकाच्या."

खाटीक म्हणजे मान ही एवढी, उशीसारखी. मी पुढे सरकले. "मग?"

"मग काय. वस्तरा खाली ठेवला. त्याला म्हटलं, मला धडधडतंय, थोडा वेळ थांबावं लागेल."

"आणि तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"बरं? नुसतं बरं?"

"पेपर मागितला. दिला."

"आणि तू?"

"उभा राहिलो."

"अरे, उभा राहिलास म्हणजे कसा? काय वाटलं? डोळ्यांपुढे काय आलं? मामा तरी आठवला का तुला?"

"नाही आठवला. खूप वाईट वाटलं, मग कमी वाटलं. मग दाढी केली."

"व्याही काय म्हणाले?"

"उद्या पहिल्या खुर्चीवर नवा टॉवेल टाका म्हणाले."

नातसून ओट्याकडे तोंड करून उभी होती, ती तशीच उभी राहिली. नळ वाहत राहिला.

आता मला सांगा. फेसाने माखलेला खाटीक पेपर वाचतोय, शेजारी माझा नातू एकटा त्या भीतीसमोर उभा आहे, एवढं सगळं घडलं आणि सांगणारा हा. नऊ शब्दांत उरकलं त्याने. मी असते तर तासभर पुरवलं असतं. तो खाटीक निदान घाबरून हातातला पेपर तरी उलटा धरत होता की नाही, तेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही.

"उद्या झटका परत येईल का रे?"

"येईल बहुतेक. बाई म्हणाल्या, बरेच दिवस येत राहील."

"मग मी येऊ का? नुसती बसेन. तोंडाला कुलूप लावून."

"नको आजी."

"बरं."

"रागावलीस?"

"हो."

"रागाव," तो म्हणाला आणि गोळीचं पाकीट उघडलं. "पण येऊ नकोस."

गोळी घेतली त्याने. पाण्याचा तांब्या माझ्याच बाजूला होता, तो मी सरकवला.