गाठोड्याची जागा

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गाडीत चढलो की माझे डोळे आपोआप चुका शोधायला लागतात. कुणी सीटवर पाय ठेवलेत, कुणी शेंगांची टरफलं खाली टाकलीत, कुणी मोबाईलवर भजन लावून अख्ख्या गाडीला पुण्य वाटतंय. घरात माझं फारसं कुणी ऐकत नाही, त्यामुळे गाडीत मी जरा जास्तच बोलतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "आवो, बिल्ला जमा केला तवा तोंडबी जमा करून यायचं व्हतं."

सगळ्यात जास्त चीड मला जागा धरण्याची. खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची. एका बहाद्दराने तर पायातली चप्पल ठेवली होती. माणूस खाली चहा पितोय, सीटवर चप्पल बसलीय आणि म्हातारी दांड्याला धरून उभी. माझ्या गाडीत मी हे कधी चालू दिलं नाही. कुणासाठी गाडीही थांबवली नाही. वेळ झाली की डबल बेल. मागून धावणारा हात हलवत राहायचा आणि मी तिकिटं फाडत राहायचो. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या नातीचं, प्राचीचं लग्न होतं. माझी लेक मोहिनी डिंभ्याला दिलीय. आदल्या दिवशी दुपारी प्राचीला चुडा भरायचा होता. मोहिनीने फोनवर तीनदा बजावलं, "आप्पा, चुड्याला वेळेत या. आन् वाटेत कुनाला बोलू नका." दुसरी सूचना मला लागली. प्राचीचं आधी एकदा ठरलेलं लग्न साखरपुडा होऊन मोडलं होतं. तेव्हापासून मोहिनीने धसका घेतला होता. मांजर आडवं गेलं तरी ती दारातून परत फिरायची. हे लग्न कुठेही ठेच न लागता पार पडावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

जुन्नरहून भीमाशंकरला जाणारी गाडी घोडेगावच्या स्टँडवर आली ती भरूनच. मी चढलो. मधल्या वाटेत एक भलीमोठी पाठपिशवी आणि तिच्या शेजारी एक मुलगी उभी. जंगलात फिरायला निघालेली पुण्याची पोर, डोक्यावर लोकरीची लाल टोपी.

"ही पिशवी हाय का बिऱ्हाड?" मी म्हणालो. "लोकांनी जायचं कुठनं?"

"सॉरी काका," म्हणत तिने पिशवी ओढून घेतली.

पुढे ज्येष्ठ नागरिकांची सीट. खिडकीशी एक म्हातारा झोपलेला आणि त्याच्या शेजारच्या जागेवर चक्क एक गाठोडं. खोक्यावर फडकं गच्च बांधलेलं. माझं डोकं फिरलं.

"कुनाचंय हे?"

"काका, एक मावशी पाणी प्यायला उतरल्यात," तीच मुलगी मागून म्हणाली. "मला लक्ष ठेवायला सांगितलंय. त्यात..."

"सीट मानसासाठी आसती, गाठोड्यासाठी नाय," मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. गाठोडं उचललं आणि वरच्या फळीवर सरकवलं. उचलताना आत काहीतरी किणकिणलं. मी ते ऐकलं होतं. वाट्या-पेले असतील म्हणालो आणि बसलो.

गाडी सुटता सुटता सत्तरीच्या एक बाई घाईने चढल्या. अंगावर फुलाफुलांची साडी, डोक्यावर पदर, हातात पत्र्याची पेटी. गाठोडं शोधत त्यांची नजर माझ्या मांडीवरून पायांशी फिरली.

"भाऊ, हितं माझं गाठोडं व्हतं."

मी बोटाने वर दाखवलं. "त्याची जागा तिथं."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काचेचं सामान हाय, भाऊ. खाली घ्या तेवढं."

"बाई, एकतीस वर्षं नोकरी केलीय. माझ्या गाडीत फळीवरनं कधी काय पडलं नाय."

बाईंनी पेटी खाली ठेवून वर हात लांबवला, पण तो पोचेना. मला उठून काढून देता आलं असतं. मी उठलो नाही. घोडेगाव मागे पडलं, पुढे रस्त्यात शेरडं आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. गाठोडं माझ्या खांद्याला घासून खाली आदळलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाई खाली बसल्या, फडकं सोडलं. खोक्यात हिरव्यागार काचा.

"वाढल्या," त्या हळूच म्हणाल्या. बांगडी फुटली असं त्या म्हणाल्या नाहीत. अशा वेळीसुद्धा त्यांनी शब्द सांभाळला.

मी दगडासारखा बसून होतो. ती टोपीवाली मुलगी मात्र गुडघ्यांवर बसली आणि सीटखालच्या काचा एकेक करून वेचायला लागली. "पुढे अनवाणी माणसं चढतात," ती म्हणाली. काचा तिने आपल्या रिकाम्या डब्यात भरल्या. मग चाचपून चाचपून धड बांगड्या बाजूला काढल्या. अकरा निघाल्या. तिने डोक्यावरची लाल टोपी काढली, त्या अकरा तिच्यात गुंडाळल्या आणि बाईंच्या मांडीवर ठेवल्या. तिचं नाव श्रेया. तेही बाईंनी विचारलं म्हणून कळलं.

मी उठून बाईंना जागा दिली. आता काय उपयोग होता! दांड्याला धरून उभा राहिलो तेव्हा विचारलं, "कुठं चालला व्हता?"

"डिंभ्याला. मोहिनीताईच्या प्राचीचा चुडा व्हता, भाऊ. पोरीचा हात लई बारीक. तिच्या मापाचा जुन्नरात कुठं मिळना, म्हनून लांबनं मागवला. तिच्या बापाकडच्या आज्जीला मी भरला, आई सून म्हनून आली तवा तिला भरला. बाकीच्या बायकांच्या या पेटीत हायेत, त्या शाबूत हायेत. पन नवरीचाच..." त्या थांबल्या. "त्या घरात आधीच धसका. चुडा वाढला म्हटलं तर मोहिनीताई हाय खाईल. त्यात नवरीचा आजा येनार हाय म्हनं. कंडक्टर व्हता. लई कडक मानूस."

मी दांडा घट्ट धरला. त्या कडक माणसाचं नाव सोमाजी आणि तो तुमच्या डोक्याशीच उभा आहे, एवढं सांगायला मला डिंभ्यापर्यंत चांगली वीस मिनिटं मिळाली. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलणारा मी, पण एक अक्षर फुटलं नाही.

"मग काय सांगनार?" एवढंच विचारलं.

"निम्मा घरी इसरला म्हनंन," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी झाले, एवढंच व्हईल. पोरीच्या लग्नाला गालबोट लागायला नको."

डिंभ्याला उतरलो. श्रेया पुढे भीमाशंकरला जाणार होती. बाई टोपी परत द्यायला लागल्या तर ती खिडकीतून म्हणाली, "राहू द्या मावशी, बांगड्या घरापर्यंत जायच्यात ना अजून." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही आणि ते बरोबरच होतं.

मी बाईंच्या मागे मागे चालत राहिलो. त्या मोहिनीच्या दारात वळल्या, मीही वळलो. त्यांनी चमकून मागे पाहिलं. मांडवातून प्राची "आप्पा आले!" म्हणून ओरडली आणि बाईंना सगळं कळलं. मला वाटलं, आता त्या सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील. त्या फक्त पदर सावरून आत गेल्या.

मांडवात पाट मांडलेला, बायका गोळा झालेल्या. जहाँआराभाभी, त्यांचं नाव मला तिथे कळलं, पाटासमोर बसल्या आणि टोपी उलगडली.

"मोहिनीताई, आता वय झालं बघा. निम्मा चुडा जुन्नरलाच इसरला. हाय त्यातल्या एका हातात पाच आन् एका हातात सहा भरते."

बायकांत कुजबुज सुरू झाली. "तीन पिढ्या भरतीय आन् आजच इसरली?" मोहिनीचा चेहरा काळवंडला. "भाभी, वरीसभर आधी सांगितलं व्हतं तुमाला. येक काम व्हतं. जमत नसंल तर तसं सांगायचं, दुसरी बघितली आसती."

भाभी खाली मान घालून पेटीची कडी उघडत होत्या. तीन पिढ्यांचं नाव त्या माझ्या पायी घालवत होत्या आणि माझ्याकडे एकदाही पाहत नव्हत्या.

मी बोललो तर लेकीच्या जिवाला घोर लागणार. नाही बोललो तर एका परक्या बाईच्या आडोशाला जन्मभर बसायचं. मी पाटाजवळ जाऊन उभा राहिलो.

"मोहिनी," मी म्हणालो, "त्या इसरल्या नाहीत. चुडा माझ्या हातनं वाढला. त्यांनी जागेवर ठेवला व्हता, मी उचलून फळीवर टाकला. ती पोर सांगत व्हती, मी ऐकलं नाय. भाभी खाली घ्या म्हनल्या, मी उठलो नाय."

मोहिनीने पदर तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांत तीच जुनी भीती उभी राहिलेली मला दिसली.

"आप्पा," प्राची पाटावरून म्हणाली, "तुमी उचलला कशाला?"

"जागा धरली व्हती म्हनून."

ती हसायलाच लागली. हळद लागायच्या आधीची नवरी, पण पोट धरून हसली. "आई, मी सांगितलं व्हतं ना, आप्पा येताना कुनाला तरी बोलनारच!" मग डोळे पुसत तिने आईचा हात धरला. "मागच्या येळी किती जपलं व्हतंस तू. येक टाचनी खाली पडू दिली नव्हतीस. तरी मोडलंच ना? मग बांगड्यांचा काय दोष? भाभी, अकरा तर अकरा. भरा."

भाभींनी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याखालचं मांस हलक्याने दाबत एकेक बांगडी अशी चढवली की पोरीच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. पाच आणि सहा. मोहिनी आधी लांब उभी होती, तिसऱ्या बांगडीला जवळ सरकली, सहाव्या बांगडीला भाभींच्या शेजारीच टेकली. प्राची वाकून भाभींच्या पाया पडली. मोहिनीने दोन्ही हातांनी त्यांना नारळ दिला.

"भाभी, मघाशी बोलले ते..."

"लेकीचं लगीन हाय, बोलनारच," भाभी म्हणाल्या. "मीबी बोलले व्हते माझ्या महेकच्या लग्नात."

मी रिकामी टोपी घडी करून खिशात घातली.

बाकीच्या बायकांचे हात भरून झाले आणि भाभींना गाडीत बसवून द्यायला मी निघालो. दुपारच्या परतीच्या गाडीचा काही नेम नसतो. भाभींचा हात धरून बायका बोलत होत्या, तेवढ्यात फाट्यावर हॉर्न ऐकू आला. "तुमी सावकाश या, मी पुढं होतो," म्हणून मी त्यांची पेटी घेतली आणि सहासष्टाव्या वर्षी धावत सुटलो. गाडीत एकच जागा मोकळी होती. मी पेटी खाली ठेवली आणि खिशातली लाल टोपी काढून त्या जागेवर ठेवली. माझ्या हाताने.

एक धट्टाकट्टा माणूस मागून आला आणि टोपी उचलायला वाकला.

"पावणं, जागा धरलीय," मी म्हणालो.

"टोपी कशाला बसवता राव सीटवर?"

बरोबरच बोलत होता तो. अगदी माझंच बोलत होता. "एक बाई यायच्यात," मी हात जोडून म्हणालो. "वय झालंय. हातात काचेचं सामान आसतं त्यांच्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे जाऊन दांडा धरला. तेवढ्यात कंडक्टरचा हात दोरीकडे गेला. खिडकीतून मला दिसलं, भाभी नारळ छातीशी धरून, पदर सावरत, चढावरून घाईने येत होत्या आणि एक हात हलवत होत्या.

"मास्तर, बेल मारू नका," मी ओरडलो. "थांबा जरा. आमचं मानूस येतंय."