अबोला नावाचं ड्रेसिंग आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. थांबा, पान उलटू नका! माझ्या पोटात काय काय घडलं ते ऐकलंत, तर घरातल्या बरणीकडे तुम्ही आदरानं बघाल. निदान तिच्यात खिळे तरी ठेवणार नाही.

भट्टीतून लालबुंद बाहेर पडले तेव्हाच मला वाटलं होतं, आपल्या हातून काहीतरी मोठं घडणार. भरला मात्र माझ्यात मध. तो संपला आणि मी एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात कायमची राहिले. तिथे दोन जावा राबत. थोरली शिस्तीची, धाकटी घाईची. गल्ल्यावर त्यांचे सासरे, आबा. सॅलडवरचं ड्रेसिंग माझ्यातच व्हायचं. तेल, व्हिनेगर, मोहरीची पूड आणि मीठ घालायचं, झाकण लावायचं आणि मला गदागदा हलवायचं. काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

एके दिवशी धाकटीनं थोरलीच्या चाकूनं पत्र्याचा डबा उघडला. टोक मोडलं. झालं, दोघींचा अबोला सुरू! एकच ओटा, एकमेकींकडे पाठ, आणि मध्ये मी. थोरलीनं माझ्यात सगळं नेहमीप्रमाणे घातलं. मग धाकटी आली. मोहरी पडली की नाही हे विचारायचं म्हणजे आधी बोलणं आलं. छे! तिनं लिंबू पिळलं, मध ओतला आणि वर पुन्हा मोहरी. मी मनात म्हटलं, आज गिऱ्हाईक पळणार.

पळतंय कसलं! नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि तरी "अजून वाढा!" बशा पुसूनपुसून खाल्ल्या लोकांनी. रोजचे टपालवाले काका म्हणाले, "आबा, ह्याला म्हणायचं तरी काय?"

आबांनी आत डोकावून पाहिलं. दोन पाठी, मध्ये बरणी. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : अबोला.

त्या दिवसापासून नावाच्या उगमाबद्दल जो तो विद्वान झाला. "खाल्लं की माणसाची बोलती बंद होते, म्हणून अबोला," असं काका छातीठोकपणे सांगत. शेजारच्या शिंपीणबाईंच्या मते, कुण्या रुसलेल्या राणीसाठी हे पहिल्यांदा बनलं होतं. आबा दोघांनाही मान डोलवत. खरं सांगावं, तर घरचं उणं चव्हाट्यावर!

पण मग धाकटी तापानं फणफणली. थोरली तिच्या उशाशी बसून राहिली, आणि अबोला मिटला. मला आनंद झाला, पण ड्रेसिंगचा घात झाला. "जाऊबाई, मोहरी घातलीत?" "घातली गं, तू नको घालूस." इतक्या समजूतदारपणात चव कुठून राहणार? पुढे मिक्सर आला. मी माळ्यावर गेले आणि माझ्यात खिळे आले. फळ्यावर नाव तेच, पण गिऱ्हाईक समोरच्या खाणावळीत.

अशात शहरातल्या उत्तम खाणावळीला पाटी द्यायला एक परीक्षकबाई येणार, असं कळलं. पाटी मिळाली तर लोक परत येतील, नाहीतर आबा दाराला कुलूप लावणार होते.

"पोरींनो, भांडा गं!" आबा काकुळतीनं म्हणाले.

धाकटीनं प्रयत्न केला. "जाऊबाई, तुमचा भात कच्चा असतो."

"कालचा होताच गं," थोरली म्हणाली, आणि दोघी खो खो हसत सुटल्या.

"मग निदान बरणी तरी जुनी घ्या," म्हणत आबांनी मला खाली काढलं. खिळे गेले, कोमट पाणी आलं! माझी काच नुसती थरथरत होती.

परीक्षकबाईंनी चव घेतली आणि चमचा खाली ठेवला. "बरं आहे." मित्रांनो, त्यापेक्षा "वाईट आहे" पुष्कळ बरं असतं! उठता उठता त्यांनी विचारलं, "पण हे नाव कशावरून पडलं?"

"अहो, हिनं माझ्या चाकूचं टोक मोडलं ना!" थोरली हसत म्हणाली.

"मी मोडलं? ते आधीच गेलेलं होतं!"

"आधीच? माहेराहून आणलेला चाकू होता तो!"

"तरी म्हटलं, माहेर अजून कसं निघालं नाही!"

दोन पाठी फिरल्या. आबांचे डोळे चमकले. "बाई, बसा! दुसरी बशी येतेय!"

थोरलीनं दात-ओठ खात सगळं घातलं आणि मला असं हलवलं, की तडकते की काय! मला आपटून ती बाजूला झाली. धाकटीनं झाकण हिसकावून काढलं. लिंबू! मध! आणि मित्रांनो, मोहरी, दुसऱ्यांदा!

बाईंनी घास घेतला. नाक लाल झालं, डोळे वाहू लागले. बशी पावानं पुसून त्या म्हणाल्या, "आता कळलं नाव."

पाटी लागली. खिळा माझ्यातलाच. थोरलीनं पाटी धरली, धाकटीनं खिळा ठोकला. एक अक्षर न बोलता, आणि बोटाला न लागता.

तेव्हा मित्रांनो, बरणीला उकळत्या पाण्यात घालू नका आणि माळ्यावर टाकू नका. भांडण कुणाच्या घरी होत नाही? खुशाल भांडा. फक्त रागाच्या भरात दोन बरण्या करू नका.